जुन्या प्लॉटरवर 86:01 एरर येतोय, मोटर बदलावी का?

लगेच मोटर मागवू नका. एचपी डिझाइनजेट 500 वर (मोठे नकाशे छापणारा प्रिंटर, म्हणजे प्लॉटर) 86:01 म्हणजे शाई मारणाऱ्या हेडची गाडी डावी-उजवीकडे नीट सरकत नाहीये, एवढंच मशीन सांगतंय (81:01 आला असता तर कागद ओढणाऱ्या बाजूचं दुखणं). या वयाच्या मशीनमध्ये मोटर फार क्वचित जाते हो, बहुतेक वेळा गाडी ओढणारा रबरी बेल्टच जातो.

आधी प्लग काढा, खिडकी उघडा आणि गाडी हाताने हळू सरकवून बघा, पार्किंगला लॉक असेल तर जोर लावू नका. मध्येच कुठे अडकते का, कागदाचा कपटा आहे का, शाईच्या नळ्या लोंबून घासतायत का ते बघायचं. मग बेल्टवर बोट फिरवा, बोटाला काळा चिकट भुगा लागला की समजा रबर विरघळलंय. आमच्याकडे तर पुलीच्या दातांत पार डांबरासारखं भरलं होतं, टूथब्रशने खरवडत बसलो अर्धा दिवस, आणि मेकॅनिक मात्र मोटरचं कोटेशन देऊन गेलेला! 24 इंची आणि 42 इंची मशीनचा बेल्ट वेगळा येतो, मापाचाच घ्या.

बेल्ट ठणठणीत असेल तर ती आडवी पारदर्शक पट्टी, एन्कोडर स्ट्रिप, बघा. तिच्यावर शाई नाहीतर ग्रीस लागलं की गाडी कुठे आहे हेच मशीनला कळत नाही आणि तोच एरर येतो. डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने अलगद पुसा, थिनर बिनर अजिबात नको, बारीक रेघा उडतील. गाडी ज्यांवर सरकते ते सरकदांडे पण पुसून घ्या.