मास्टर्सला जर्मनीत यायचंय पण कोडिंग येत नाही, चालेल का?

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना. बीई कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष, मार्क बरे आहेत पण स्वतःहून प्रोग्राम लिहिता येत नाही, जर्मनीत मास्टर्सला बेसिकपासून शिकवतात का, असं विचारलंयस. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), एपीएस (आपली कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट), व्हिसा हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं, ते मी सांगत बसत नाही.

बेसिकपासून कोणी शिकवत नाही. तुला येतं असं धरूनच चालतात, आणि कशावरून, तर आपल्या कागदांवरून. या कागदांवरून माझं डोकं अजूनही तापतं. मार्कशीटवर नुसतं विषयाचं नाव असतं, इकडे जर्मनीतल्या युनिव्हर्सिट्यांना हवं असतं की त्यात नक्की काय शिकवलं, किती तास, किती क्रेडिट, म्हणजे ते त्यांच्या ईसीटीएसशी, म्हणजे युरोपातल्या क्रेडिट मोजायच्या पद्धतीशी, जुळवून बघणार. त्यासाठी चारही वर्षांचा सिलॅबस छापायचा आणि पानापानावर कॉलेजचा शिक्का. मी गेले की क्लार्क म्हणायचे साहेब रजेवर आहेत, साहेब आले तर शिक्का कपाटात आणि चावी मॅडमकडे, मॅडम म्हणाल्या एवढी पानं कशाला, पहिल्या पानावर मारून देते ना. डेडलाइन डोक्यावर! शेवटी मिळाले शिक्के. त्या कागदांप्रमाणे मला सी ही प्रोग्रामिंगची भाषा येत होती, डेटा स्ट्रक्चर्स येत होतं, सगळं येत होतं.

आमची लॅब म्हणजे टर्बो सी++, सीचे प्रोग्राम लिहून चालवायचं नव्वदच्या दशकातलं, निळ्या स्क्रीनवालं सॉफ्टवेअर. ६४ बिट विंडोजवर ते चालतच नाही म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालून चालवायचो, आणि यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवायचा, सही घ्यायची, पुढचा. डबली लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोडला (कप्प्याला) मागच्या-पुढच्या नोडचा पत्ता माहीत असलेली यादी, मला तोंडपाठ होती, व्हायव्हाला धडाधड सांगितली. फक्त प्रोग्राम बंद होताना एक ओळ यायची, 'नल पॉइंटर असाइनमेंट'. सर म्हणाले आउटपुट बरोबर आहे ना, मग तिकडे लक्ष देऊ नका.

इकडे पहिल्याच सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम्सची असाइनमेंट, सीमध्ये, विंडोजऐवजी लिनक्सवर, जीसीसी या कंपायलरने. पहिला एरर, कोनिओ डॉट एच (टर्बो सीच्या प्रोग्राममध्ये आम्ही वर जोडायचो ती) अशी फाइलच नाही. ती ओळ काढली तर माझी तीच पाठ असलेली लिस्ट, शेवटचा नोड डिलीट केला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. मला वाटलं लॅपटॉपच गेला. मग जीडीबी हा चुका शोधायचा डीबगर लावून एकेक ओळ पुढे सरकत गेले तेव्हा दिसलं, शेवटच्या नोडच्या पुढे काहीच नाही, तिथे नल (कुठलाच नोड नसलेला रिकामा पत्ता) आहे, आणि मी त्या नलच्या प्रीव्हमध्ये, म्हणजे मागच्या नोडच्या पत्त्याच्या जागी, लिहीत होते. डॉसमध्ये मेमरीला राखणच नसते, त्यामुळे तिथे ते मुकाट लिहिलं जायचं आणि शेवटी फक्त ती एक ओळ यायची. लिनक्स जागच्या जागी प्रोग्राम मारतो. म्हणजे प्रोग्राम कॉलेजातही चुकीचाच होता, सहीसकट. राग आला, पण कुणावर काढायचा ते अजून ठरलेलं नाही. सर तास बुडवणारे नव्हते, सिलॅबसही त्यांनी बनवलेला नव्हता.

शिकले ती त्यानंतर. दर आठवड्याला सोडवायच्या असाइनमेंट असतात, बहुतेकदा दोघांनी मिळून, आणि बऱ्याच विषयांत त्यात ठरावीक गुण पडले तरच परीक्षेला बसू देतात. माझी जोडीदार माझा कोड वाचून तोंडावर सांगायची, हे मला कळलं नाही, परत सांग. परत सांगायला गेलं की माझं मलाच कळलेलं नसायचं!

अजून एक, केटी लावून, नापास विषय मागे ठेवून, पुढे जायची आपली सवय सोड. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत एका पेपरला तीनच संधी असतात, तिसऱ्यांदा गेला की कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे घेणंही मुश्किल. माझा ऑपरेटिंग सिस्टिम्स पहिल्यांदा गेला, ५.० पडले. इथे १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० ला काठावर पास. पुढे सुटला पेपर, पण घरी सांगितलं नाही. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, पोरीने पहिल्या फटक्यात केलं.

एकटं वाटतं का? वाटतं. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त. सवय होते, त्यासाठी अडून बसू नकोस.

मला सलतं ते वेगळंच. जीसीसी फुकट, लिनक्स फुकट, जीडीबी फुकट. यातलं काहीही शिकायला देश सोडायची गरज नव्हती, घरी खोलीत बसून झालं असतं. पण केलं असतं का मी? का व्हिसा जाईल, पैसे बुडतील या भीतीनेच बसले? आता नोकरी आहे, दिवसभर कोडच लिहिते, तरी याचं उत्तर देता येत नाही, आणि तुझ्यासारखं कुणी विचारलं की परत तेच डोक्यात सुरू होतं.

तू असं कर, अर्जाच्या आधी लिनक्स टाक, डबली लिंक्ड लिस्ट कुठेही न बघता लिही, पहिला, मधला, शेवटचा नोड उडवून बघ, मग व्हॅलग्रिंड या मेमरीतल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्राममधून चालव. दोन दिवस डोकं आपटूनही मजा येत असेल तर बिनधास्त ये. नुसतं घरातून सुटायचं म्हणून येत असशील तरी ये, मी काही वेगळ्या कारणाने आले नव्हते. कुठे अडलीस तर विचार, फक्त एरर जसाच्या तसा कॉपी करून पाठव, स्क्रीनचा फोटो नको.