विधेयक विधिमंडळात "चर्चेसाठी थांबलंय" म्हणजे नक्की कुठं असतं, आणि तोवर आपण काय करायचं?

तुम्ही विचारलंय की पेपरात वाचलं, आपल्या कामधंद्याशी संबंध असलेलं एक विधेयक विधिमंडळात चर्चेच्या प्रतीक्षेत आहे, तर ते नेमकं कुठं अडकलंय, वाचायला कुठं मिळेल, आणि चर्चा व्हायच्या आधी साध्या माणसाने काही करून उपयोग होतो का. शेवटचा भाग आधी घेतो कारण मला तोच महत्त्वाचा वाटतो. उपयोग होतो. आणि खरं सांगायचं तर जो काही उपयोग व्हायचा तो याच दिवसांत होतो, एकदा का ते मंजूर होऊन राज्यपालांची सही झाली की मग फक्त कोर्टाचा रस्ता उरतो आणि तो किती लांबचा आहे ते मी रोज बघतो.

मी नाशिकला वकिली करतो, सीबीएसजवळ कोर्टात, आणि घर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाचं. माझ्याकडे माणसं येतात ती हातात नोटीस घेऊनच येतात. वकीलसाहेब, हा कायदा झाला कधी, आम्हाला तर कोणी सांगितलंच नाही. अहो तो मसुदा छापून, साईटवर टाकून, सभागृहात वाटून झालेला असतो, कधी कधी तर सहा सहा महिने तसाच असतो, पण तेव्हा कोणी उघडून बघत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा लांबलं तरी सगळं लिहितो.

आता ते कुठं थांबलेलं असतं ते बघा. विधेयक आधी मांडतात, त्याला पुरःस्थापना म्हणतात, त्या वेळी चर्चा जवळजवळ नसतेच, मंत्री उभे राहून परवानगी मागतात, मिळते, आणि प्रती सदस्यांना वाटतात. मग दुसरा टप्पा, विधेयक विचारात घेणे. खरी चर्चा इथं. त्यात एकेक खंड, म्हणजे विधेयकातलं एकेक कलम, घेऊन मतं होतात, कुणा आमदाराने सुधारणा दिली असेल तर ती आधी निकालात काढतात, आणि शेवटी विधेयक संमत करावं असा प्रस्ताव येतो. मग हेच सगळं दुसऱ्या सभागृहात. पेपरवाले "प्रलंबित" लिहितात ते यातल्या कुठल्याही टप्प्याला लिहितात, म्हणून पहिलं काम म्हणजे बातमीतून टप्पा शोधून काढायचा. मांडून नुसतं पडून आहे, की समितीकडे गेलंय, की विधानसभेत झालं आणि परिषदेत बाकी आहे, की दोन्हीकडे होऊन राज्यपालांकडे आहे. प्रत्येक ठिकाणी आपल्याला करता येण्यासारखं वेगळं असतं.

परिषदेचं सांगायचं तर तिथं विधेयक कायमचं अडकत नाही. साध्या विधेयकाला परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि विधानसभेने परत मंजूर केलं तर आणखी एक महिना एवढंच रोखू शकते, अर्थविधेयक तर चौदा दिवसांत परत करावं लागतं. राज्यपालांकडे गेल्यावर मात्र आपल्या हातात फारसं काही राहत नाही, तिथं ठरावीक मुदत कोर्टाला घालून देता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. आणि केंद्राच्या कायद्याला धक्का लागत असेल तर ते राष्ट्रपतींपर्यंत जातं. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा ठेवणाऱ्या शक्ती विधेयकाचं असंच झालं बघा, डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, संयुक्त समितीत वर्षभर काम झालं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, मग राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं, आणि तोवर १ जुलै २०२४ ला ज्या भारतीय दंड संहितेत ते बदल करणार होतं ती संहिताच बदलून न्याय संहिता आली. एवढी मेहनत झालेलं विधेयक शेवटी कायदा म्हणून लागू झालंच नाही.

आता बऱ्याच जणांना वाटतं अधिवेशन संपलं की राहिलेली विधेयकं बाद. तसं नाही. घटनेच्या अनुच्छेद १९६ मध्ये आहे, अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही, पुढच्या अधिवेशनात तिथूनच चालू होतं. मरतं ते विधानसभेची मुदत संपली किंवा ती बरखास्त झाली की. विधानसभेत पडून असलेलं, आणि विधानसभेने मंजूर करून परिषदेत राहिलेलं, दोन्ही जातात. नक्षलवादी कारवायांविरोधात आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाची गोष्ट ताजी आहे. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात मांडलं, मंजूर झालं नाही, नोव्हेंबरात निवडणुका झाल्या, ते गेलं, मग डिसेंबरात नागपूरला नव्याने मांडावं लागलं. आणि या वेळी ते सरळ मंजूर न करता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं, महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते, लोकांकडून हरकती सूचना मागवल्या, बारा हजारांहून जास्त आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा मूळ मसुद्यातले काही शब्द बदललेले होते, आधी "व्यक्ती आणि संघटना" असं मोघम होतं ते कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशाच संघटनांपुरतं केलं. विरोध करणाऱ्यांचं त्यानेही समाधान झालं नाही, आणि त्या कायद्याबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, पण छापलेला मसुदा म्हणजे दगडावरची रेघ नाही एवढं तरी यातून दिसतं, थांबण्याच्या काळात शब्द बदलतात.

आमच्या भागातलं उदाहरण मला जास्त जवळचं आहे. जुलै २०२१ मध्ये दोनच दिवसांचं पावसाळी अधिवेशन झालं होतं, त्यात केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना उत्तर म्हणून राज्य सरकारने तीन विधेयकं मांडली आणि मंजूर न करता लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने खुली ठेवली. त्यात शेतकऱ्याचे पैसे थकवणाऱ्या व्यापाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद होती. दिंडोरी, निफाड, चांदवडच्या माणसाला हे काय आहे ते समजावून सांगायला लागत नाही. बाहेरचा व्यापारी येतो, बागेत उभा राहून सौदा करतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो म्हणून विश्वास बसतो, आणि शेवटच्या मालाला चेक देऊन निघून जातो. माझ्याकडे एक काका आले होते त्यांच्याकडे पुरावा म्हणून काय, तर कॅलेंडरच्या पानाच्या मागे पेनाने लिहिलेलं, क्रेट इतके, वजन इतकं, दर इतका, खाली एक सही जी कोणाला लागत नाही, व्यापाऱ्याचं पूर्ण नाव नाही, गाव नाही, तारीखसुद्धा नाही. अशा कागदावर मी केस कशी उभी करणार. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनी अशा बुडालेल्या पैशांसाठी मोहीम काढली तेव्हा बऱ्याच जणांना काही ना काही परत मिळालं, पण मोहीम कायम चालत नाही, कायदा कायम असतो.

म्हणून आम्ही गावातली काही मंडळी बसलो, मसुदा वाचला आणि लेखी सूचना पाठवल्या. शिक्षा आहे ती चांगली, पण आधी सौद्याची पावती सक्तीची करा, ठरलेल्या नमुन्यात, व्यापाऱ्याच्या लायसन्स नंबरसह, आणि बाहेरून येणाऱ्याकडून बाजार समितीत अनामत घ्या, नाहीतर शिक्षा द्यायला माणूस सापडणारच नाही. पुढं नोव्हेंबरात केंद्राने तीनही कायदे मागे घ्यायचं जाहीर केलं आणि डिसेंबरच्या अधिवेशनात राज्यानेही आपली तीनही विधेयकं मागे घेतली. केंद्राचे कायदे गेले म्हणून त्यांना उत्तर देणारी विधेयकं गेली, हे कायद्याच्या हिशोबाने बरोबर असेल, पण थकलेल्या पैशांचा प्रश्न काही केंद्राच्या कायद्यामुळे आलेला नव्हता, तो आधीही होता आणि आजही आहे. ती एक तरतूद वेगळी काढून बाजार समितीच्या १९६३ च्या कायद्यात टाकता आली असती असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आताही आहे. ते टिपण मी ठेवलंय, बाजार समिती कायद्यातल्या बदलाचं विधेयक कधीही येवो, तेच परत पाठवणार.

मसुदा कसा वाचायचा ते सांगतो कारण पीडीएफ उघडली की निम्मे लोक तिथंच बंद करतात. महाराष्ट्र विधानमंडळाच्या साईटवर विधेयकं वर्षाप्रमाणे असतात, नंबर लागतो, विधानसभा विधेयक क्रमांक अमुक, सन अमुक. बातमीत नंबर नसतो पण नाव असतं त्यावरून सापडतं. शिवाय राजपत्रात छापून येतं. आता बहुतेक विधेयकं ही जुन्या कायद्यात सुधारणा असतात, त्यामुळे वाक्यं अशी दिसतात: "मुख्य अधिनियमाच्या कलम अमुकच्या पोट-कलम (२) मधील 'साठ दिवस' या मजकुराऐवजी 'तीस दिवस' हा मजकूर दाखल करण्यात येईल." नुसतं हे वाचून काही कळत नाही, पण मूळ कायदा शेजारी उघडा आणि ते कलम लावून बघा, मग लक्षात येतं की अपिलाची तुमची मुदत निम्मी झाली. मी तर सरळ शेवटच्या पानापासून सुरू करतो, तिथं "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं, साध्या मराठीच्या जरा जवळचं, सरकारला हे का हवंय ते त्यात येतं. आणि त्याच्या आसपास "वैधानिक अधिकार सोपवण्यासंबंधीचे ज्ञापन" म्हणून एक भाग असतो, तो कोणी वाचत नाही, पण नियम करायचे, फी ठरवायची, मुदत ठरवायची असे कुठले अधिकार नंतर सरकार किंवा अधिकारी स्वतः वापरणार ते तिथं लिहिलेलं असतं. ज्या गोष्टीची तुम्हाला काळजी आहे ती विधेयकात न दिसता "विहित करण्यात येईल" (म्हणजे नंतर नियमांनी ठरवू) या तीन शब्दांत गेली असेल तर ती पुन्हा सभागृहात तशी चर्चेला येणार नाही, म्हणून तिथं बोट ठेवायचं.

अजून एक, अध्यादेश, म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा. सगळी विधेयकं वाट बघत नाहीत. आपल्याकडच्या कुंभमेळा प्राधिकरणाचं बघा, २०२७ चा सिंहस्थ जवळ आला म्हणून आधी अध्यादेश निघाला आणि मग जुलै २०२५ च्या अधिवेशनात विधेयक आलं. अध्यादेश असला की अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधेयक मंजूर करावं लागतं नाहीतर तो संपतो, त्यामुळे अशी विधेयकं घाईने जातात आणि आपल्याला मिळणारा वेळ फार कमी असतो. तेव्हा अध्यादेश निघाला त्याच दिवशी तो वाचायला घ्यायचा, विधेयक सहसा त्याचीच नक्कल असते.

आणि घाई म्हणजे कशी तर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत यूट्यूबवर कामकाज लावून बघा. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, प्रस्ताव संमत झाला." एका खंडापासून पुढच्या खंडापर्यंत जायला काही सेकंद लागतात. लोकांच्या आयुष्याला हात घालणारा मजकूर असा जाऊ नये, यावर दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी वेळ मागितला पाहिजे, असं मला फार वाटतं.

आता तुम्ही काय करायचं. विधेयक समितीकडे असेल तर सगळ्यात चांगलं, समिती सूचना मागवते तेव्हा विधानमंडळ सचिवालयाला लेखी पाठवायचं, जाहिरातीतली तारीख बघून. समिती नसेल तर आमदार. नाशिक जिल्ह्यात पंधरा आमदार आहेत विधानसभेचे, शिवाय परिषदेत नाशिक विभागाचा पदवीधरांचा एक आणि शिक्षकांचा एक, तुम्ही पदवीधर मतदार असाल तर तोही तुमचाच माणूस आहे, लोक हे विसरतात. आमदाराला भेटून "साहेब या विधेयकाला विरोध करा" एवढंच म्हटलं तर ते हो म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी एका पानावर लिहून न्या, विधेयक क्रमांक, खंड क्रमांक, आत्ता काय शब्द आहेत, त्याऐवजी कोणते हवेत, आणि का, दोन ओळीत, एखाद्या खऱ्या माणसाच्या उदाहरणासह. कारण सुधारणेची सूचना आमदारांना चर्चेच्या आधी लेखीच द्यावी लागते, तुमचं पान तसंच पीएला देता येतं. विरोधी पक्षाच्या आमदारालाही द्या, सत्ताधारी आमदारालाही द्या, आणि ज्या खात्याचं विधेयक असेल त्या मंत्र्यांच्या ऑफिसला मेल करा. आणि हे अधिवेशनाच्या आधी करा. मार्चमध्ये मुंबईला अर्थसंकल्प, जून जुलैत पावसाळी, डिसेंबरात नागपूर, हे साधारण ठरलेलं असतं, अधिवेशन चालू झाल्यावर आमदार मतदारसंघात सापडत नाहीत, ते नाशिकला शनिवार-रविवारीच आले तर येतात.

खाजगी आमदाराने मांडलेलं, म्हणजे अशासकीय विधेयक असेल तर मात्र अपेक्षा बेताची ठेवा, त्याला शुक्रवारचा थोडासा वेळ मिळतो आणि मंजूर होणं फार कमी वेळा घडतं, पण मंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीवर राहतं, पुढं कामाला येतं.

तुम्ही विधेयकाचं नाव लिहिलेलं नाही. नाव आणि वर्ष सांगा, शक्यतो बातमीची तारीखही, मी मसुदा काढून मूळ कायद्याला लावून बघतो आणि तुमच्या धंद्याला कोणते खंड लागू होतात ते इथंच लिहितो.