वाचकांचे प्रश्न : कॉर्नफ्लॉवर, फूल आणि छटा

प्रश्न : 'कॉर्नफ्लॉवर ब्लू' हे नाव मी रंगांच्या यादीत वाचते आणि नीलम रत्नाच्या वर्णनातही वाचते. संगणकावर त्या नावाची छटा पाहिली, तर ती फिकट आणि किंचित जांभळट वाटली. फुलाच्या छायाचित्रातला निळा मात्र कितीतरी गडद होता. यांतला खरा कोणता?

उत्तर : आपल्याला जाणवलेला फरक खराच आहे. संगणकावर या नावाने जी छटा मिळते, तिच्यात लाल १००, हिरवा १४९ आणि निळा २३७ असे प्रमाण असते. प्रत्येक रंगाची कमाल मर्यादा २५५ धरलेली असल्यामुळे लाल आणि हिरवा यांचा वाटा इथे बराच मोठा ठरतो, आणि म्हणून ती छटा उजळ व पांढरटपणाकडे झुकणारी दिसते. सोळा चिन्हे (० ते ९ आणि ए ते एफ) वापरणाऱ्या संख्यापद्धतीत हीच छटा ६४९५ईडी अशी लिहिली जाते. पडद्यावरच्या रंगांना नावे देण्याची जी यादी पूर्वी तयार झाली, तीच पुढे संकेतस्थळांच्या प्रमाणभाषेत आली आणि तिच्याबरोबर हे नावही जगभर पोहोचले. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सएनए' या खेळ बनवण्याच्या साधनात नवा प्रकल्प सुरू केला, की रिकामी खिडकी याच रंगाने भरलेली असे. त्यामुळे ते फूल कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या अनेकांच्या मनातही हा रंग पक्का बसला आहे.

फूल हातात घेतले, तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो सूर्यफुलाप्रमाणेच अनेक लहान पुष्पकांचा स्तबक असतो आणि त्याचा व्यास साधारण दीड ते तीन सेंटिमीटर भरतो. साध्या भिंगातून पाहावे. कडेची पुष्पके मोठी, कर्ण्यासारखी फाकलेली आणि टोकाशी दातेरी असतात. त्यांचा निळा अतिशय तीव्र असतो. त्यांच्यात बी धरत नाही, कीटकांना दुरून बोलावणे एवढेच त्यांचे काम. मधली पुष्पके लहान व जांभळट असून परागकण आणि बी यांचा सारा व्यवहार तिथे चालतो. म्हणजे एकाच फुलात दोन रंग असतात, आणि हातभर अंतरावरून डोळा ते एकत्र करून पाहतो. पडद्यावरच्या छटेतला जांभळटपणा आपल्याला खटकला. पण फुलात तो अगदीच नसतो असे नाही, फक्त तो मध्यभागी असतो.

नीलमाच्या बाबतीत हे नाव काश्मीरच्या रत्नांशी विशेष जोडले गेले आहे. झांस्कर पर्वतरांगेतल्या पाडर भागात १८८१च्या सुमारास दरड कोसळल्यावर जे नीलम उघडे पडले, त्यांची मखमली, जराशी धूसर निळाई या फुलाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ती धूसरता रत्नाच्या आतल्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरल्यामुळे येते. तेव्हा या नावाखाली निदान तीन निराळे निळे नांदत आहेत. संदर्भ रत्नाचा असेल तर रत्नपारख्यांचा अर्थ घ्यावा आणि पडद्याचा असेल तर वर दिलेले आकडे पाळावेत. पण 'खरा' कोणता असे विचाराल, तर माझ्या मते ज्याच्यावरून नाव पडले त्या फुलाच्या कडेच्या पुष्पकांचाच.

प्रश्न : या फुलाचा मक्याशी काही संबंध आहे का? स्वयंपाकघरातल्या कॉर्नफ्लोअरमुळे गोंधळ होतो.

उत्तर : काहीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे कोणतेही धान्य. गहू आणि राय यांच्या शेतात आपोआप उगवणारे फूल म्हणून हे नाव पडले. शास्त्रीय नाव सेंटोरिया सायनस असे असून त्यातला पहिला शब्द ग्रीक पुराणातल्या अश्वमानवांवरून आणि दुसरा गडद निळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

हे फूल मुळात शेतातले तण होते, ही गोष्ट मला त्याच्या रंगाइतकीच महत्त्वाची वाटते. पिकाबरोबर त्याचे बी पिकत असे, कापणीत धान्यात मिसळत असे आणि पुढच्या पेरणीत शेतकऱ्याच्याच हातून पुन्हा जमिनीत जात असे. शेतीबरोबरच ते युरोपभर पसरले. त्याच्या चिवट दांड्यांनी विळ्याची धार जाते म्हणून इंग्रजीत त्याला 'विळा दुखवणारे' अशा अर्थाचेही एक नाव होते. विसाव्या शतकात बियाणे यंत्राने स्वच्छ होऊ लागले, तणनाशके आली आणि शेतांतून हे फूल झपाट्याने नाहीसे झाले. एस्टोनियाने १९६८ मध्ये त्याला राष्ट्रीय फूल मानले. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ दरवर्षी ११ नोव्हेंबरला ते छातीवर लावतात. त्याच्या एका जवळच्या जातीची फुले तर प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या शवपेटीवरच्या हारांत, १९२२ नंतरच्या उत्खननात, सापडली. तिचा बहर वसंतात येत असल्यामुळे दफनाचा हंगाम ठरवायला त्या फुलांचा आधार घेता आला.

प्रश्न : लाल गुलाब आणि निळे कॉर्नफ्लॉवर यांत एकच रंगद्रव्य असते असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये कॉर्नफ्लॉवरच्या पाकळ्यांतून हे द्रव्य वेगळे केले आणि फुलाच्या नावावरूनच त्याला 'सायनिडिन' म्हटले. लाल गुलाबातही तेच निघाले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुलाबाचा रस आम्लधर्मी आणि कॉर्नफ्लॉवरचा अल्कधर्मी असल्यामुळे रंग बदलतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते सुटसुटीत होते, पण टिकले नाही, कारण कॉर्नफ्लॉवरच्या पाकळीतला रसही किंचित आम्लधर्मीच असतो.

खरे उत्तर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा स्पष्ट झाले. पाकळीत रंगद्रव्याचे सहा रेणू आणि फ्लेवोन या रंगहीन म्हणावे अशा जोडीदाराचे सहा रेणू लोहाचा एक, मॅग्नेशियमचा एक आणि कॅल्शियमचे दोन आयन (विद्युतभारित अणू) यांच्याभोवती नेमक्या रचनेत बांधलेले असतात. या बांधणीमुळे तेच द्रव्य निळे दिसते. गुलाबात असे संघटन नसते. पाकळ्या चुरगाळून त्यांच्यावर लिंबाचा रस टाकला, तर ही बांधणी मोडते आणि निळ्याचा लालसर होतो. हा प्रयोग मुलांबरोबर अवश्य करावा. नीलमाची निळाईही लोहाच्या अंशामुळेच येते, मात्र तिथे त्याचा जोडीदार टायटॅनियम असतो आणि यंत्रणा अगदी निराळी असते.

प्रश्न : हे रोप कुंडीत वाढेल का?

उत्तर : वाढेल. हे एका हंगामाचे रोप असून उंची साधारण ३० ते ९० सेंटिमीटर होते. दांड्या आणि अरुंद पानांवर पांढरट लव असते. त्याचे सोटमूळ खोल जाते आणि उपटून लावलेले त्याला मानवत नाही, म्हणून बी कायमच्या जागीच, सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे आणि कुंडी उथळ घेऊ नये. पूर्ण ऊन आणि पाणी न साठणारी माती पुरते. खताचा मारा केला तर पाने वाढतात आणि दांड्या आडव्या पडतात. कडक उन्हाळा त्याला सोसत नाही, तेव्हा थंड हवेचे महिने निवडावेत. कोमेजलेली फुले खुडत राहिल्यास बहर लांबतो, पण शेवटची काही फुले झाडावरच वाळू द्यावीत, म्हणजे पुढच्या पेरणीचे बी घरचे मिळते. पाकळ्या चहात घालण्यासाठी ठेवायच्या असल्यास त्या सावलीत वाळवाव्यात. उन्हात निळा उडतो.