सुळे झाकून बघ

पोरी, अनेक आशीर्वाद.

हत्तींच्या झुंजीची तुझी सहाही रेखाटनं मिळाली. सुळे सुरेख, सोंडांचा पीळही जमलाय. पण झुंज काही लागलेली नाही. दोघे फोटो काढून घ्यायला उभे असावेत तसे दिसतात.

तू सुळ्यांपासून सुरुवात केलीस, हे लगेच कळतं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता राजस्थानातल्या कोटा दरबारच्या चितेऱ्यांची अठराव्या शतकातली रेखाटनं समोर घे. हत्ती काढावेत तर त्यांनीच, असं माझं पक्षपाती मत आहे. डोकी तळहाताने झाक आणि नुसते मागचे पाय बघ. कोण रेटतोय, कोणाचा पाय निघालाय, हे सुळे न बघताही सांगता येतं. मग रेघांकडे ये. पहिली रेघ चुकली तर पांढऱ्या रंगाचा हात मारून तिच्यावर दुसरी ओढलेली दिसेल, आणि खालची तरीही डोकावत असते. तू मात्र खोडरबराने कागद पार घासून काढलास! चुकलेली रेघ राहू दे. पाठीच्या दोन-तीन रेघा शेजारी शेजारी राहिल्या की हत्ती हलायला लागतो.

वजनाचं म्हणशील, तर ते हत्तीच्या अंगात शोधू नकोस. अकबरनाम्यातलं एक चित्र आहे, साधारण 1590 ते 95 च्या दरम्यानचं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं. प्रसंग 1561 चा, आग्र्याचा: हवाई नावाच्या हत्तीवर बसलेला अकबर रणबाघ या हत्तीचा पाठलाग करत यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावर घुसलाय. रचना अकबराच्या दरबारचा चितारी बसावन याची. त्याने वजन दाखवलंय ते होड्यांमधून. पायाखालच्या होड्या डगमगतात, माणसं पाण्यात पडतात, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तुझ्या हत्तींच्या पायाखाली काय आहे? कोरा कागद. निदान धूळ तरी उडू दे.

आणि माणसं काढ. मदात आलेले हत्ती सोडवायला चरखी, म्हणजे बांबूला बांधलेली आतषबाजी, घेऊन माणसं धावायची. त्यांच्यामुळे उंची कळते, भीतीही कळते. कोल्हापूरला गेलीस तर शाहू महाराजांच्या वेळचं साठमारीचं, म्हणजे चवताळलेल्या हत्तीला माणसांनी हुलकावण्या देण्याच्या खेळाचं, मैदान पाहून ये. तिथे मधोमध उभी राहा आणि पळायला कुठे जागा आहे ते शोध. चित्रातल्या माणसांचे पाय कसे काढायचे ते तिथे समजेल. (हा खेळ मला कधीच आवडला नाही, पण चित्र काढताना ती नावड बाजूला ठेवावी लागते.)

फोटो समोर ठेवून काढणं महिनाभर बंद. मुघल दरबारचा चितारी अब्दुस्समद याने झुंजणाऱ्या दोन उंटांचं चित्र वयाच्या 85 व्या वर्षी, हात थकला, नजर मंदावली असताना, आठवणीतून काढलं आणि तसं त्यावर लिहूनही ठेवलं. मुलासाठी काढलं होतं म्हणे. तू तर अजून पंचविशीचीही नाहीस.

दिवाळीच्या आत एकच रेखाटन पाठव. त्यात सुळे नकोत.

तुझा,
मास्तर