एन्ट्रॉपी शिकताय? आधी मोजायला बसा

‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे वाक्य सध्या बाजूला ठेवा. सोपं आहे, पण फसवतं. त्याऐवजी चार नाणी घ्या आणि सगळ्या शक्यता कागदावर लिहून काढा. एकूण १६. चारही छापे येण्याची रीत एकच, दोन छापे-दोन काटे येण्याच्या मात्र ६. बाहेरून फक्त ‘किती छापे’ एवढंच कळत असेल, तर नेमकी कुठली रचना आहे याबद्दल उरणारी अनिश्चितता म्हणजे एन्ट्रॉपी. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्समनचं एन्ट्रॉपीचं सूत्र रीतींच्या याच संख्येचा लॉगॅरिदम घेतं. हे हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरंच.

नवखे बहुतेक इथे अडखळतात:

- डोळ्यांना दिसणाऱ्या नीटनेटकेपणावर जातात. एकमेकांना न चिकटणारे कठीण सूक्ष्म गोळे पुरेशा दाटीत एन्ट्रॉपी वाढते म्हणूनच स्फटिकासारखे रचले जातात! तसं बसल्यावर प्रत्येकाला हलायला जास्त जागा मिळते.
- पाणी गोठताना त्याची एन्ट्रॉपी घटते, की लगेच म्हणतात, ‘दुसरा नियम मोडला’ (उष्मागतिकीचा नियम: एकूण एन्ट्रॉपी घटत नाही). बाहेर गेलेल्या उष्णतेने आसपासची एन्ट्रॉपी वाढते, ती कोण मोजणार?
- केऑस (सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचं सगळं बदलणं) आणि एन्ट्रॉपी एकच समजतात. नातं आहे, पण ते नंतर.

माहितीतली अनिश्चितता मोजणारं शॅननचं १९४८ चं सूत्रही थोडं थांबू दे. आधी पाच नाण्यांचा तक्ता करा आणि अडलात तर विचारा.