पंप घेण्याआधी मोरीकडे बघा

"दर पावसाळ्यात घरात पाणी, आईची शिलाई मशीनं बंद पडतात, एक संस्था अर्ध्या किमतीत पंप देतेय, घ्यावा का?" तुमचं हे वाचलं आणि कुर्ल्यातली आमची खोली आठवली. मिठी नदी हाकेच्या अंतरावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तसल्या पावसापुढे कुठलाच जुगाड टिकत नाही, तो विषय सोडा. माणूस कर्जात जातो तो दरसालच्या गुडघाभर पाण्याने.

पंप मी घेतलाय. एका कार्यालयातल्या साहेबांनी खोली न बघता, खुर्चीतूनच पेट्रोलवरचा पंप सुचवला. आईच्या बचत गटातून कर्ज काढलं. पहिल्याच भरतीला दोन तास पंप चालवला. आम्ही पाणी गल्लीत फेकतोय आणि तेच गटारातून मोरीवाटे परत आत! समुद्र चढला की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात, मग ते जाणार कुठे? आधी मोरीतून झुरळं निघतात, मग बुडबुड, मग काळं पाणी. आईला हे पाठ होतं, पण तिला विचारलं कोणी? हप्ते दीड वर्ष फेडले. तक्रार घेऊन गेलो तर म्हणे, "वापर चुकला तुमचा." असो.

(पंप घेतलातच तर खोलीत चालवू नका, धुराने माणूस जातो.)

शेवटी कामाला आलं ते स्वस्तातलं. मोरीच्या पाइपला प्लंबरकडून एनआरव्ही, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण परत आत न येऊ देणारी झडप. मे महिन्यात तो उघडून साफ करायचा, एक चिंधी अडकली तरी झडप बसत नाही. दाराला दीड फुटी उंबरा. आणि ओव्हरलॉकची (कापडाच्या कडा शिवायच्या मशीनची) मोटर टेबलाखाली असते, तीच आधी भिजते, म्हणून अख्खं मशीन चेनकप्पीने वर ओढतो. हूक कुठे मारायचा ते मिस्त्रीला विचारा, छपराचा पत्रा ज्यावर टेकलाय त्या पाइपाला नको. बटणांचा बोर्ड छातीच्या वर घ्या, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. मी इंजिनिअर नाही, आमच्या खोलीपुरतं सांगतोय.

साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी शेठचा कपडा घरी आणू नका. मशीन दुरुस्त होतं, भिजलेल्या मालाचे पैसे मात्र तो मजुरीतून कापतो.

तुमच्याकडे पाणी आधी दारातून येतं की मोरीतून? आईलाच विचारा. मोरीचा पाइप तीन इंची की चार, तेही एनआरव्हीसाठी मोजून टाका.