मालमत्ता पत्रकावर नाव आहे, मग पुढे काय?

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) अशिलाचे नाव आहे, म्हणजे मालकीचा प्रश्न मिटला ना, असे तू विचारलेस. मिटला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील, म्हणजे जमिनीवरील हक्कांच्या सरकारी दप्तरातील, नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. फेरफाराने, म्हणजे दप्तरातली नोंद बदलल्याने, हक्क निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. पत्रकावरील नावाला त्याहून जास्त वजन देऊ नकोस. हक्क पाहायचा तो नोंदणीकृत खरेदीखतात, वाटणीपत्रात, हुकूमनाम्यात किंवा सरकारने दिलेल्या सनदेत.

मुंबईत तर नावाआधी सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे त्याचा, रकाना वाचायचा असतो. शहर जिल्ह्यात सातबारा नाही, तिथे सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक चालतो आणि जुन्या कागदांत फोरास, टोका, पेन्शन अँड टॅक्स असे कंपनी सरकारच्या काळातले धारणाप्रकार अजून भेटतात. उपनगरात नगर भूमापन क्रमांक आणि त्यामागे दडलेला जुना सर्व्हे नंबर व हिस्सा, अशी दोन नावे एकाच तुकड्याला असतात. दोन्हींचे क्षेत्र जुळत नसेल, तर कोणते बरोबर हे ठरवण्याची घाई न करता चौकशी नोंदवही, म्हणजे नगर भूमापनाच्या वेळी झालेल्या हक्कचौकशीची वही, मागव. फरक पुष्कळदा तिथे उलगडतो.

सरकारी जमिनीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या वकिलाची फसगत इथे सर्वाधिक होते. संहितेचे कलम २० असे मानते, की जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही ती शासनाची. रस्ते, नाले, नद्या आणि भरतीच्या उच्च रेषेखालचे समुद्राचे व खाड्यांचे तळ यांतच येतात. खाडीकाठी भराव घालून ‘आम्ही चाळीस वर्षे इथेच’ म्हणणाऱ्याला म्हणूनच आधी पुरावा विचारावा लागतो. सरकारविरुद्ध प्रतिकूल कब्जा (मालकाच्या हक्काविरुद्ध उघड, सलग ताबा) सांगायचा तर तीस वर्षे लागतात, खाजगी मालकाविरुद्ध बारा. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कलम २० खाली चौकशी करून आदेश दिला, तर दिवाणी दाव्याला एक वर्षाचीच मुदत आहे. ही मुदत हुकल्याने चांगल्या बाजूचे दावेही बुडालेले मी पाहिले आहेत. ‘सरकारी’ हा शब्दही सैल वापरू नकोस: जिल्हाधिकाऱ्यांची, महापालिकेची, म्हाडाची आणि बंदराची जमीन यांचे कायदे, भाडेपट्टे आणि निष्कासनाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

जिल्हाधिकाऱ्यांनी गृहनिर्माण संस्थेला दिलेल्या भूखंडावरचे घर विकत घेताना लोक मुद्रांक शुल्क भरून, नोंदणी करून निर्धास्त होतात. पण अनुदानाच्या अटींत पूर्वपरवानगी सांगितली असेल आणि ती घेतली नसेल, तर तो शर्तभंग होतो. मग दंडाची आणि अनर्जित उत्पन्नाची (जमिनीच्या वाढलेल्या किमतीतील सरकारी वाट्याची) मागणी येते, आणि संस्थेचे सचिव व विकत घेणारा एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. मूळ वाटपाचा आदेश हाती घेतल्याशिवाय अभिप्राय देऊ नकोस.

मोजणीबद्दल माझीच एक चूक सांगतो. मी भूमापक असताना कुर्ल्याकडील एका जागेची हद्दकायम मोजणी, म्हणजे हद्दी ठरवून खुणा करून देण्याची मोजणी, होती. मला घाई होती, आणि नकाशातील कोपरा म्हणून मी समोर दिसणारा कुंपणाच्या भिंतीचा कोपरा धरला. दोन्ही बाजू समोर उभ्या होत्या, खुणाही करून दिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीने सहज सांगितले, की जुनी भिंत पावसात पडली आणि नवी ‘थोडी आत’ बांधली. विहिरीच्या कठड्यापासून पुन्हा अंतरे घेतली तेव्हा तो ‘थोडा’ चार फुटांचा निघाला. मला सगळी मोजणी नव्याने करावी लागली, वरिष्ठांचा ठपका आला तो वेगळाच.

म्हणून मोजणीची क प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारा मोजणी नकाशा, हाती आली, की रेषा पाहण्याआधी भूमापकाने आधार कोणत्या खुणांचा घेतला ते वाच. ती खूण जागेवर जाऊन पाहा, आणि शक्य तर जून लागायच्या आधी, कारण पावसाळ्यात उपनगरातले अर्धे हद्दीचे दगड गवताखाली आणि उरलेले चिखलात असतात.

तुझा,
एक जुना भूमापक